भोंग्याआधीची झोप

गावात पाहुणा आला की आम्ही सटाणेकर त्याला आरम नदीकाठच्या यशवंतराव महाराजांच्या मंदिरात नेतो. पाहुणा हात जोडतो आणि हळूच विचारतो, “हे कोणते देव?” उत्तर देताना आमची मान जरा ताठ होते. कारण आमचे देव मामलेदार होते. यशवंतराव भोसेकर हे त्यांचे नाव, जन्म १८१५ चा, पुण्याचा. बागलाण तालुक्याचा कारभार त्यांच्या हाती असताना १८७०-७१ चा दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून तडफडू लागली, आणि या मामलेदारांनी सरकारी खजिना उघडून लोकांत वाटला. वरिष्ठ तपासणीला आले तेव्हा खजिना पैन् पै भरलेला निघाला, अशी कथा आहे. १८८७ साली नाशिकला त्यांनी देह ठेवला. लोक त्यांना देव मामलेदार म्हणू लागले ते आजतागायत.

मला त्या चमत्कारापेक्षा त्याच्या आधीची घटका अधिक खुणावते. कचेरीत बसलेला एक नोकरदार, हातात किल्ली, समोर नियमांचे पुस्तक आणि दाराशी माणसे. त्या घटकेला त्यांच्या मनात काय चालले असेल? मी शिक्षक असून इतिहास शिकवतो. कादंबऱ्या लिहितो ती माझी खोड. पण हा प्रश्न मला इतिहासाने घातला नाही की कादंबरीनेही नाही. तो माझ्या झोपेने घातला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारचा शेवटून दुसरा तास, आठवीचा वर्ग. फळ्यावर सनावळी लिहीत होतो. १८५७ लिहून झाले, १८८५ लिहायला घेतले, आणि शेवटच्या आकड्यावरून खडू जो निघाला तो थेट फळ्याच्या तळापर्यंत गेला. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, सन खाली पडला!” वर्ग हसला, मीही हसलो. पण आठच दिवसांनी पहाटेच्या अंधारात शाळेकडे जाताना माझी मोटारसायकल सरळ रस्ता सोडून एका बाभळीच्या दिशेने निघाली. जाग आली ती चाक कांद्याच्या वाफ्यात रुतल्यावर. त्या दिवशी मात्र मला हसू आले नाही.

नाशिकच्या डॉक्टरांनी एक रात्र अंगाला तारा लावून निजवले आणि सकाळी निदान सांगितले. झोपेत माझा श्वास अडकत होता. तासाला एकदोनदा नव्हे, अनेकदा. प्रत्येक वेळी मेंदू दचकून जागा होई आणि श्वास पुन्हा सुरू करून देई. मी समजत होतो की मी रात्रभर झोपतो. वास्तविक मी रात्रपाळी करीत होतो. नाकावर मुखवटा लावून हवा पुरवणारे एक यंत्र घरी आले. १९८१ साली ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी ही युक्ती प्रथम लोकांपुढे मांडली. यंत्र चांगले आहे; त्याची घरघर माझ्या घोरण्यापेक्षा सुसह्य आहे, असे घरच्या मंडळींचे प्रशस्तिपत्रकही त्याला मिळाले आहे. पण डॉक्टरांनी पथ्य सांगितले ते असे, की निजण्याउठण्याची वेळ रोज एकच हवी आणि झोप निदान सात तासांची हवी. माझ्याकडे आठवड्यातून चार दिवस सकाळी सातला दहावीचे जादा तास होते, त्यानंतर दुपारची शाळा. शाळा घरापासून अठरा किलोमीटर. हिशेब जमेना.

मी मुख्याध्यापकांकडे गेलो. माणूस भला. त्यांनी डॉक्टरांचा कागद दोनदा वाचला, चहा मागवला आणि म्हणाले, “सर, रजा हवी तर अर्ज द्या, मी सही करतो. पण वेळ बदलून मागता, ते नियमात बसत नाही. आणि आज एकाला दिली तर उद्या सगळे मागतील.”

चहा पिऊन मी उठलो. पण ‘सगळे मागतील’ हे दोन शब्द माझ्याबरोबर घरी आले. हे मी कुठेतरी आधी वाचले होते. कपाटातली पुस्तके काढून बसलो.

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी स्थापली. त्या काळच्या गिरणीत कामाचे तास कोणी ठरवलेले नव्हते. ते सूर्याने ठरवायचे. उजाडले की यंत्रे सुरू, मावळले की बंद. त्यामुळे हिवाळ्यात दिवस लहान आणि उन्हाळ्यात मोठा. शेतकऱ्याचाही दिवस असाच असतो हे खरे, पण शेतकरी दुपारी लिंबाखाली आडवा होतो. यंत्र आडवे होत नाही. घरी घड्याळ नसलेला कामगार भोंग्याच्या भीतीने अर्धा जागाच निजे. १८८१ साली कारखान्यांचा पहिला कायदा आला. तो शंभरावर माणसे असलेल्या कारखान्यांतील मुलांसाठी मुख्यतः होता. सात वर्षांखालील मुलाला कामावर घेऊ नये आणि बारा वर्षांखालील मुलाकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, असे त्यात होते. सात वर्षांच्या मुलाचे नऊ तास! हा कायदा त्या काळी मोठी सुधारणा समजला गेला, यावरून आधीची स्थिती वाचकांनी ताडावी. मोठ्या माणसांच्या झोपेविषयी, दुखण्याविषयी कायदा अवाक्षर बोलत नव्हता.

ते बोलले नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८ चा, ठाण्याचा. रेल्वेत आणि पोस्टात नोकरी करून हे गृहस्थ मांडवीच्या एका गिरणीत भांडारपाल झाले. म्हणजे तेही किल्ली सांभाळणारेच! ते जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. पुण्यात कृष्णराव भालेकरांनी काढलेले ‘दीनबंधु’ पत्र त्यांनी १८८० पासून मुंबईत चालवले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा एक अर्ज तयार केला.

त्या अर्जातल्या मागण्या मी वहीत उतरवून घेतल्या. पहिली, आठवड्यातून एक दिवस, रविवारी, पुरी सुटी. दुसरी, दुपारी अर्धा तास विसावा. तिसरी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. चौथी, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा. आणि पाचवी, कामावर गंभीर इजा झाली तर बरा होईपर्यंत कामगाराला पुरा पगार मिळावा. जन्माचे अपंगत्व आले तर त्याच्या पोटाची काही व्यवस्था व्हावी. एकशे चाळीस वर्षांपूर्वीचा हा कागद. यात एकही मागणी चैनीची नाही. सगळ्या मागण्यांचा अर्थ एकच: माणसाचे शरीर यंत्राहून वेगळे आहे, ते थकते, मोडते आणि त्याला झोप लागते, एवढे मान्य करा.

अर्ज झाला म्हणून सुटी मिळाली नाही. हिंदू-मुसलमान कामगारांना सणावारांच्या सुट्या मुबलक आहेत, शिवाय रविवारी यंत्रे पुसायची असतात, असे मालकपक्षाचे म्हणणे. यंत्राला आठवड्यातून एकदा पुसावे लागते हे त्यांना पटत होते. माणसाचे काय ते पटत नव्हते. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी आमच्या माणसाला देवाकडे आणि घराकडे पाहू द्या, असा लोखंड्यांचा युक्तिवाद सांगतात. आमच्या शेजारी मालेगावजवळ चंदनपुरीला खंडोबाची यात्रा भरते. तिथला भंडारा कपाळी लावताना हा युक्तिवाद किती नेमका होता ते कळते. सायबाचा रविवार त्यांनी मल्हारीच्या हाती दिला.

सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. त्या काळी दहा हजार माणसांपुढे उभे राहून बोलणे बाईमाणसाला किती जड गेले असेल! अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुटी कबूल केली. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने ती सर्वांची झाली, दुपारचा अर्धा तासही आला आणि स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणले गेले. वाचकहो, दिवाळी अंक पोटावर ठेवून दुपारी जी डुलकी आपण काढतो, तिच्यावर त्या साडेपाच हजार सह्यांचे ऋण आहे. लोखंडे स्वतः मात्र १८९७ च्या फेब्रुवारीत, प्लेगच्या साथीत, जेमतेम पन्नाशीच्या आत गेले.

मात्र मिळालेली झोप पुन्हा हिरावली जाते, हेही इतिहासच सांगतो. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. दिव्याने काळोख गेला आणि त्याबरोबर सूर्यास्ताची सीमाही गेली. कामाचे तास चौदा-पंधरापर्यंत लांबले. त्यातच १९०६ साल उजाडले ते नवे घड्याळ घेऊन. साऱ्या हिंदुस्थानासाठी एक प्रमाणवेळ ठरली; ती मुंबईच्या वेळेहून एकोणचाळीस मिनिटे पुढे. पेढीवरच्या शेठजीला यात विशेष काही वाटले नसेल. पण गिरणीचा काटा एकोणचाळीस मिनिटे पुढे सरकला म्हणजे कामगाराची पहाट तेवढी कापली गेली. त्या जानेवारीत एका गिरणीतल्या हजारो कामगारांनी याच कारणावरून काम बंद ठेवले. मुंबई महापालिकेने तर आपली जुनी वेळ जवळजवळ पन्नास वर्षे, १९५५ पर्यंत सोडली नाही. पुरुष कामगाराच्या दिवसाला कायद्याची पहिली मर्यादा पडली ती १९११ साली, आणि तीही बारा तासांची. १९२२ ला अकरा तास, १९३४ ला दहा, १९४६ ला नऊ. एक एक तास उतरायला दहा दहा वर्षे लागली.

याच काळात दुसऱ्या एका माणसाचे दुखणे मला आठवते. गोपाळ कृष्ण गोखले हे आमच्याच पेशातले, १९०२ पर्यंत फर्ग्युसनमध्ये शिकवणारे. त्यांना मधुमेह होता, आणि इन्सुलिन रोग्याला पहिल्याने टोचले गेले १९२२ च्या जानेवारीत. म्हणजे औषध नव्हतेच. १९१२ पासून ते सरकारी नोकऱ्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगावर काम करीत होते. प्रकृतीसाठी युरोपात जात, परत येऊन पुन्हा कामाला बसत. १९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा ते प्रकृतीच्याच कारणाने फ्रान्समध्ये होते आणि तिथेच काही काळ अडकून पडले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, अट्ठेचाळीसाव्या वर्षी ते गेले. एवढा मोठा माणूस दुखणे आणि काम यांची सांगड घालता घालता झिजला. परंतु त्यांना निदान जाता येत होते, थांबता येत होते. मधुमेह परळच्या चाळीतही असणारच. तिथल्या माणसाच्या दुखण्याला फ्रान्सही नव्हते आणि चरित्रकारही नव्हता.

त्या माणसापर्यंत सोय पोहोचायला स्वातंत्र्य यावे लागले. १९४८ साली कारखान्यांचा नवा कायदा आला. आठवड्याला अट्ठेचाळीस तास आणि वर्षाला भरपगारी रजा. त्याच वर्षी कामगार राज्य विम्याचा कायदा झाला, १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली आणि पुढे ती मुंबईत आली. आजारी कामगाराला घरी बसून पगाराचा काही भाग मिळू लागला. क्षयासारख्या लांबणाऱ्या रोगांना पुढे अधिक मुदत मिळाली.

झोपेच्या हिशेबाचा एक अध्याय आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या लोहमार्गावरही वाचता येतो. मनमाड आणि इगतपुरी ही गावेच रेल्वेची. माझे एक काका मनमाडहून गाडीवर जात. मे महिन्याच्या सुटीत आम्ही मुले त्यांच्याकडे जायचो तेव्हा दुपारी काकू दारातच तोंडावर बोट ठेवून उभ्या असत, “हळू रे, काका झोपलेत.” मग सारे घर चवड्यांवर चाले, कुकरची शिटीसुद्धा काकू चमच्याने उचलून धरीत. ही सवलत कोणत्या कायद्याने दिली होती? एका बाईने आपल्या घरापुरती केलेली ती व्यवस्था होती. इंजिनावरच्या माणसांच्या तासांचा प्रश्न १९७३ च्या संपाने ऐरणीवर आणला. एका फेरीला सलग दहा तासांहून अधिक काम नको, हे त्या ऑगस्टात सरकारने कबूल केले. पुढच्या वर्षी, ८ मे १९७४ पासून, जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली झालेला वीस दिवसांचा देशव्यापी संप सर्वांना माहीत आहे. त्या संपाविषयी मते अनेक असतील. पण डोळा लागलेल्या चालकाच्या मागे हजार उतारू असतात, यात मतभेद नसावा.

मी पुस्तके मिटली तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. म्हणजे पथ्य मोडलेच होते! खिडकीतून बॅटऱ्यांचे दिवे शेताकडे जाताना दिसले. आमच्या बागलाणात कांदा, डाळिंब, द्राक्ष. सगळ्यांना पाणी हवे, आणि पंपाची वीज वर्षानुवर्षे आळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री आली. ज्या आठवड्यात रात्रीची वीज, त्या आठवड्यात माझ्या विद्यार्थ्यांचे बाप पहाटेपर्यंत बांधावर. पायाखाली साप, कानावर बिबट्याची बातमी. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली राज्यात सौर कृषी वाहिनीची योजना सुरू झाली ती याच मागणीतून. आठवीच्या वर्गात पेंगणारा मी एकटाच नव्हतो, हे त्या रात्री प्रथम लक्षात आले. मागच्या बाकावरचा जो मुलगा “सन खाली पडला” म्हणून ओरडला होता, तोही कित्येकदा पहिल्या तासाला मान टाकतो. मी त्याला उभे करतो. मला कुणी उभे केले नव्हते.

आठवड्याभराने मला सवलत मिळाली. मुख्याध्यापकांनी भलेपणाने नियमात पळवाट काढली आणि माझे चारही जादा तास दुसऱ्या शिक्षिकेच्या नावे घातले. मी आनंदात होतो. तिसऱ्या दिवशी त्या बाई शिक्षक-खोलीत भेटल्या. त्यांना संधिवात आहे. सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटे आणि गुडघे वळत नाहीत, हे मला ठाऊक नव्हते, कारण त्यांनी कधी कुणाला सांगितले नव्हते. त्या रागावल्या नाहीत. हसून एवढेच म्हणाल्या, “सर, तुमची झोप माझ्या गुडघ्यांवर आली बरं का.”

हे वाक्य माझ्या साऱ्या वाचनाहून भारी निघाले. एका माणसाला गुपचूप दिलेली सवलत ही बहुधा दुसऱ्याच्या अंगावर टाकलेली पाळी असते. लोखंड्यांनी स्वतःपुरती सुटी मागितली असती तर ती कदाचित १८८४ सालीच मिळाली असती. पण मग रविवार आपल्यापर्यंत आला नसता. ‘सगळे मागतील’ ही मुख्याध्यापकांना अडचण वाटत होती. वास्तविक तोच त्यावरचा उपाय होता.

आम्ही पाच जण एका शनिवारी शाळा सुटल्यावर बसलो. मी, त्या बाई, घरी अंथरुणाला खिळलेली आई असलेले एक सर, आणखी दोघे. कुणाला सकाळ जड, कुणाला संध्याकाळ. प्रत्येकाने आपले दुखणे सांगितले; वीस वर्षे एका खोलीत डबे खाऊन जे कळले नव्हते ते त्या दीड तासात कळले. मग वेळापत्रक मांडले. काही जादा तास सकाळचे काढून शाळेनंतर ठेवले, बाकीचे ज्यांना पहाट सोसते त्यांच्याकडे दिले, आणि त्या बदल्यात त्यांची स्नेहसंमेलनाची व परीक्षेची ओझी आम्ही घेतली. एकही तास कमी केला नाही. खाली पाच सह्या केल्या. अर्ज लिहिताना दोन आधार जोडले. २०१६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा काही दीर्घ आजारांनाही गणतीत धरतो आणि वाजवी सोय करून देण्याची भाषा बोलतो. आमच्यापैकी कुणी त्या गणतीत नेमके बसत नव्हते, पण दिशा तरी कळत होती. दुसरा आधार ताजा होता. लहान मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवले. मुलाची झोप सरकारदरबारी रुजू झाली, तर मास्तरची कधीतरी होईलच!

मुख्याध्यापकांनी कागद वाचला. बराच वेळ गप्प राहिले. मग लाल पेन काढून माझा बुधवारचा सकाळचा तास तसाच ठेवला, कारण त्या दिवशी दुसरे कुणी नव्हते; बाकीचे मान्य केले, तेही दिवाळीपर्यंत, निकाल पाहून. पेन खिशात ठेवताना म्हणाले, “एकेकटे आला असता तर मला नाहीच म्हणावे लागले असते.” मी मंगळवारी नऊलाच निजतो. बुधवारी मोटारसायकल घरी ठेवून एसटीने जातो. बाभूळ वाटेत दिसते. तिला आता माझी ओळख पटली आहे.

आता दिवाळी आली आहे. नरकचतुर्दशीला पहाटे उठलाच पाहिजे, सूर्य उगवल्यावर न्हाईल तो नरकात जाईल, हा आपल्याकडचा सर्वांत जुना भोंगा. यंदा मी घरी अर्ज टाकून पाहिला. मुलांनी माझ्या बाजूने सही केली, पण त्यांचा हेतू शुद्ध नव्हता. आईने अर्ज ऐकला आणि निकाल दिला: “सगळ्यांनी आदल्या रात्री नऊला निजायचं. मग पहाटे कुणालाच जड जाणार नाही.”

असो. रात्री नऊला दिवे मालवलेले घर दिसले तर कुणाचे दुखणेबिखणे समजू नये. ते आमचे घर.